कॉन्कॉर्डचे रडगाणे पुरे

कॉन्कॉर्ड विमान 2003 साली सेवेतून काढले, ही मानवजातीची पीछेहाट होती असे एका लेखकाने नुकतेच ठासून मांडले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारे हे विमान हिशेबनिसांनी मारले, अपघाताचे फक्त निमित्त झाले, विमान नफ्यात होते आणि प्रतिष्ठेचा ताळेबंद मांडायचा नसतो. चारही मुद्दे लंगडे आहेत. त्यातला नफ्याचा तर शुद्ध दिशाभूल आहे.

हा नफा आला कुठून? 1962 साली ब्रिटन आणि फ्रान्स यांनी करार करून सरकारी पैशाने हे विमान बांधायला घेतले. खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पटींनी वाढला, पण एका देशाने अंग काढून घ्यावे अशी तरतूदच करारात नव्हती. सुरुवातीला अनेक कंपन्यांनी खरेदीचे हक्क राखून ठेवले होते, एअर इंडियानेसुद्धा दोन विमानांसाठी. 1973 च्या जानेवारीत पॅन अ‍ॅम आणि टीडब्ल्यूए यांनी माघार घेतली. त्याच वर्षी अमेरिकेने आपल्या भूमीवरून प्रवासी विमानांच्या स्वनातीत उड्डाणाला बंदी घातली आणि वर्ष संपता संपता तेल भडकले. गिऱ्हाइके उरली दोन, तीही बनवणाऱ्या देशांच्याच सरकारी कंपन्या. एकूण 20 विमाने बनली, त्यांतली 14 सेवेत आली. जी खपली नाहीत ती शेवटी एक पौंड, एक फ्रँक अशा नाममात्र किमतीला याच कंपन्यांच्या गळ्यात घातली. ब्रिटनमध्ये तर 1984 पर्यंत उत्पादकाच्या तांत्रिक पाठबळाचा खर्चही सरकारच सोसत होते. बांधणीचा खर्च करदात्याने भरायचा आणि तिकिटाचे पैसे कंपनीने मोजायचे, याला नफा म्हणायचे असेल तर जगात तोट्याचा धंदा एकही सापडणार नाही. आणि हा भार कुणासाठी? न्यूयॉर्कला साडेतीन तासांत पोहोचण्याची निकड असलेल्या शंभर धनिकांसाठी. त्या शंभरांसाठी टाक्यांत मावायचे सुमारे 95 टन इंधन, म्हणजे माणशी जवळजवळ एक टन!

इथे एक जुना वाद आठवतो. खेड्यात जाणारी तोट्यातली बस बंद करा, असे ज्यांनी आम्हाला वर्षानुवर्षे ऐकवले, त्यांच्याच पंथाचे लोक आज कॉन्कॉर्डसाठी गळे काढत आहेत. तोटा सोसायला माझी हरकत कधीच नव्हती. शाळकरी मुलींना तालुक्याला पोहोचवणाऱ्या बसचा तोटा मी आनंदाने सोसेन. पण बसला ताळेबंद लावायचा आणि विमानाला प्रतिष्ठा, हा न्याय मला मान्य नाही.

अपघाताचे म्हणाल, तर 25 जुलै 2000 रोजी पॅरिसजवळ 113 माणसे मेली. धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या पट्टीने टायर फुटला, तुकडा पंखाखाली आदळून इंधनाची टाकी फुटली आणि आग लागली. 1979 मध्ये वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर अशाच फुटलेल्या टायरच्या तुकड्यांनी टाक्यांना भोके पाडली होती. एकवीस वर्षे आधी मिळालेला इशारा होता तो. त्याला निमित्त म्हणवते तरी कसे? अपघातानंतर टाक्यांना केवलारचे अस्तर लावून विमान पुन्हा उडवले, पण प्रवासी पुरेसे परतले नाहीत. मूठभर जुन्या विमानांसाठी सुटे भाग आणि तज्ज्ञ राखण्याचा खर्च मात्र वाढतच जाणार होता. मग थांबवणे हाच शहाणपणा होता.

प्रतिष्ठेबद्दल एवढेच, की ती ज्यांना हवी त्यांनी स्वतःच्या खिशातून विकत घ्यावी.

राहिली पीछेहाट. कॉन्कॉर्डचे पहिले उड्डाण 2 मार्च 1969 चे. त्याच्या तीनच आठवडे आधी जम्बो, म्हणजे बोइंग 747, आकाशात गेले होते. वेग कॉन्कॉर्डच्या निम्म्याहून कमी, पण माणसे तिपटीहून जास्त नेणारे. प्रगती मी त्याला म्हणतो. त्याने दर आसनामागचा खर्च उतरवला आणि साहेबलोकांपुरता असलेला समुद्रापारचा प्रवास नोकरीला, शिक्षणाला निघालेल्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला. एअर इंडियाने 1971 मध्ये जम्बो घेतले आणि कॉन्कॉर्डचे हक्क पुढे सोडून दिले. तो निर्णय तेव्हाही बरोबर होता, आजही आहे.