गोल, पण कसे?

आजीची दृष्टी अधू झाली, तेव्हा "आजी, गोल भांडे घे" एवढ्याने तिचे भागत नसे. "पसरट की उभट?" ती विचारी. पाहू गेल्यास ताट, वाटी, परात, तांब्या सारी गोलच. परंतु ताट चपटे, वाटी खोलगट, परात पसरट आणि तांब्या गळ्याशी निमुळता. नेमका शब्द मिळाला की तिचा हात नेमक्या भांड्यावर जाई.

पूर्वाचार्यांनीही हीच रीत अनुसरली. अधोलोक तळाशी रुंद व वर निमुळत्या वेत्रासनासारखा, म्हणजे वेताच्या आसनासारखा. मध्यलोक झल्लरी या चपट्या वाद्यासारखा. ऊर्ध्वलोक मध्यभागी फुगीर अशा मृदंगासारखा. जे डोळ्यांस दिसत नाही, ते त्यांनी ओळखीच्या वस्तूंच्या आकारांतून श्रोत्यांच्या मनापुढे उभे केले.

आज आपली नातवंडे या साऱ्यांनाच 'गोल' म्हणून मोकळी होतात. पाने मांडताना त्यांना एकदा विचारावे, "बाळा, गोल खरे, पण कसे?" घरातील अधू डोळ्यांच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला त्या उत्तराचा आधार होईल.