एका उपसर्गाचा धोका

बोरघाटात वाहतूक खोळंबली होती. पुढे एक टँकर उभा होता. त्याच्या पाठीवर तांबड्या अक्षरांत ‘हायली इन्फ्लेमेबल’. शेजारी बसलेला दहावीतला भाचा म्हणाला, ‘‘मामा, हा काही पेट घ्यायचा नाही. ‘व्हिजिबल’च्या उलट ‘इन्व्हिजिबल’, तसंच हे.’’ मुलगा इंग्रजी माध्यमातला, व्याकरणात हुशार. तर्क बिनचूक होता. निष्कर्ष मात्र जीवघेणा!

वस्तुतः ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ या दोहोंचा अर्थ एकच : चटकन पेट घेणारे. त्यांतला ‘इन्फ्लेमेबल’ वयाने थोरला. तो ‘पेटवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला असून त्यातील ‘इन’ नकारार्थी नाही. परंतु लॅटिन शिकून कोणी टँकरजवळ जात नसतो. हा घोटाळा ओळखूनच अमेरिकेतील अग्निसुरक्षा क्षेत्रातील मंडळींनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ‘फ्लेमेबल’चा आग्रह धरला. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या वर्गीकरणात आज हाच शब्द आहे आणि न पेटणाऱ्या मालासाठी ‘नॉन-फ्लेमेबल’. ‘इन्फ्लेमेबल’ आता तापट स्वभावाच्या वर्णनापुरता राहिला तर बरे.

आपण मात्र जुनाच शब्द जपला. १९५२ साली संसदेने केलेल्या कायद्याच्या नावातच तो आहे. इंग्रजांनाही नकोसे झालेले इंग्रजी सांभाळण्याची आपली निष्ठा थक्क करणारी आहे.

मराठी याबाबत अगदी निर्दोष आहे असे नव्हे. ‘घोर’ आणि ‘अघोरी’ हे दोन्ही शब्द आपण भयंकर याच अर्थाने वापरतो. पण ‘ज्वालाग्राही’ या शब्दाबद्दल कोणाची फसगत होणे नाही. त्याहून सोपे हवे तर ‘लगेच पेट घेते’ असे लिहावे.

टँकर अनेक प्रांतांतून जातो, त्यावर किती लिप्या लिहिणार, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी ज्वाळेचे चित्र आहेच. पण गोदाम कुठे प्रवास करते? रंगाच्या थिनरची पिंपे उतरवणारा हमाल मराठी, मुकादम मराठी, बहुधा मालकही मराठी. आणि भिंतीवरची सूचना तेवढी इंग्रजीत. तीही अशी, की दहावीचा हुशार विद्यार्थी तिचा उलटा अर्थ लावतो. त्या भिंतीवर मराठी पाटी रंगवण्याचा खर्च पिंपातल्या थिनरपेक्षा खचितच कमी येईल.