विडीच्या तंबाखूला लिलाव का नाही?

रेल्वे व टपाल खात्यातील आपल्या कित्येक बंधूंची घरची शेती निपाणी, चिकोडी, कागल भागात आहे. तेव्हा तंबाखूचा भाव हा शेतकऱ्यांचा प्रश्न, आपला नव्हे, असे कोणी म्हणू नये.

विडीची तंबाखू पावसाळ्यात लावतात. शेंडा खुडायचा, बगलफूट पुन्हा पुन्हा काढायची, पानावर ठिपके दिसू लागले की कापून वाळवायची. सगळी हाताची कामे. घरची माणसे राबतात, त्यांची मजुरी कोणी हिशेबात धरत नाही. खर्च आधी होतो, पैसा मागाहून येतो. वाळलेला माल भिजला तर मातीमोल, आणि लहान शेतकऱ्याकडे गोदाम नाही. व्यापारी हे पुरते जाणून असतो. प्रत तो ठरवतो, वजनात सूट तो धरतो, पैसेही त्याच्या सवडीने. त्याच्याकडूनच उचल घेतलेली असली तर माल दुसऱ्या दारी नेण्याची सोय उरत नाही. आपल्या पार्सल ऑफिसात वजन आणि पावतीशिवाय साधी गोणी घेत नाहीत!

१९४३ साली इंग्रज सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसवला. कच्च्या तंबाखूवरचा कर १९७९ च्या अंदाजपत्रकात उठला. म्हणजे कर हवा होता तोवर सरकारला या मालाची नोंद ठेवता येत होती. शेतकऱ्याच्या भावासाठी मात्र यंत्रणा नाही.

१९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीचे शेतकरी महामार्गावर बसले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, १२ शेतकरी मेले. ते रास्त भावच मागत होते.

सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूची तऱ्हा वेगळी. तिच्यासाठी १९७५ चा कायदा झाला, १९७६ पासून गुंटूरला तंबाखू मंडळ आले. कर्नाटकात १९८४ ला आणि आंध्रात १९८५ ला मंडळाचे लिलाव सुरू झाले. वजन मंडळाच्या काट्यावर, बोली उघड. तिथेही सारे आलबेल नाही. मोठे खरेदीदार मोजके, त्यांनी हात आखडला की भाव पडतो. २००० साली आंध्रात एका हंगामासाठी लागवडच बंद ठेवावी लागली होती. तरी तिथल्या शेतकऱ्याला कोणाच्या दारात जाऊन ओरडायचे ते ठाऊक आहे. निपाणीवाल्याला ते दारही नाही. केंद्र सरकार ज्या पिकांचे आधारभाव जाहीर करते, त्यांतही विडीची तंबाखू नाही.

तंबाखूने कर्करोग होतो, आम्ही तिचे गोडवे गात नाही. ‘हे पीक सोडा’ असा उपदेश शहरात बसून करणे सोपे आहे. उचलीत अडकलेला माणूस पीक बदलणार कसा? दुसऱ्या पिकाला पाणी लागते, भांडवल लागते. आधी त्याचे देणे फिटू द्या.

उघडा लिलाव, सरकारी काटा, ठरल्या मुदतीत बँकेतून पैसे, एवढ्या तीन मागण्या आपल्या महासंघाने विडी कामगार व शेतकरी संघटनांना बरोबर घेऊन केंद्रापुढे मांडाव्यात. हा ठराव पुढील बैठकीत आम्ही आणणार आहोत. ज्यांच्या घरी तंबाखू होते त्या सभासदांनी गेल्या हंगामाचे वजन, भाव आणि पैसे हाती पडल्याची तारीख लिहून शाखेकडे द्यावी.