‘पाषाणात प्राण’ या प्रशस्तीविरुद्ध

शिल्पाविषयी मराठीत लिहिताना एक वाक्प्रयोग हटकून हाताशी येतो : कलावंताने निर्जीव पाषाणात प्राण ओतले. जान लोरेंझो बर्निनीच्या ‘अपोलो आणि डाफ्नी’ (१६२२–२५) या संगमरवरी शिल्पाचे रसग्रहण तर बहुधा याच वाक्यावर उभे असते आणि तेथेच संपते. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप असा की, येथे हा प्रयोग केवळ शिळा नाही, तो उलटा आहे. आणि हे उलटेपण निरुपद्रवी नाही.

शिल्पात घडते काय? पाठलाग करणारा अपोलो गाठतो त्या क्षणी डाफ्नीचे झाड होऊ लागते. हातांच्या बोटांतून पाने फुटतात, पायांची बोटे मुळे धरतात, अंगावर साल चढते. म्हणजे पाषाणातून देह प्रकटत नसून देह आपले देहपण टाकतो आहे. अपोलोचा डावा हात तिच्यापर्यंत पोचला आहे खरा, पण तळव्याखाली येते ती साल. कातडी, साल, केस, वस्त्र हे सारे एकाच संगमरवराचे. भेद आहे तो फक्त पृष्ठभागाच्या घडणीत. ‘प्राण ओतले’ म्हणणाऱ्याला नेमकी ही घडण दिसत नाही, कारण त्याच्या लेखी दगड हा दगड नसल्यासारखा वाटला की कला सिद्ध झाली. (पाने-मुळांचे नाजूक काम ज्युलियानो फिनेल्ली या सहकाऱ्याचे मानले जाते. तेव्हा प्राण कोणी ओतले, हाही प्रश्नच.)

कळंबोलीच्या लोखंड बाजाराशेजारी राहणाऱ्याला हे अधिकच खटकते. पत्र्याची जाडी, वजन, वाकण्याची मर्यादा यांवाचून तेथे शब्द पुढे सरकत नाही. माध्यमाविषयीची तेवढी आस्था मर्ढेकरांनी सौंदर्यशास्त्रात मागितली होती. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी ‘लय’ तेवढी ठेवली. याच रायगड जिल्ह्यातील घारापुरीला आपण वेगळे काही करत नाही. अंधकासुरवधाच्या मूर्तीचा खालचा भाग भंगलेला आहे. ती उणीव आपण कथा सांगून भरून काढतो आणि समोरचा काळा कातळ पाहायचा राहून जातो. खरे तर ‘प्राण ओतले’ हे तेथे काहीसे शोभले असते. ती मूर्ती डोंगरापासून कधी सुटलेलीच नाही. बर्निनीचे शिल्प मात्र चहूबाजूंनी मोकळे आहे, आणि पाहणाऱ्याने कोठे उभे राहायचे हा प्रश्न त्यामुळेच निर्माण होतो.

हाच प्रश्न रसचर्चा टाळते. अभ्यासकांचे मत असे की, कार्डिनल शिपिओने बोर्गेझेच्या प्रासादातील मूळ मांडणीत आत येणाऱ्याला प्रथम अपोलोची पाठ दिसे. प्रेक्षक पाठलागातच सामील होई. पुढे आठवा अर्बन म्हणून पोप झालेल्या माफ्फेओ बार्बेरिनीची पायथ्यावर कोरलेली द्विपदीही उपदेश करते ती पाठलाग करणाऱ्याला. पळणारीविषयी तिला काही म्हणायचे नाही. आणि आपण? ‘येथे शृंगार’ असे निःशंक लिहून मोकळे होतो. रती हा स्थायिभाव कोणाचा? अपोलोचा. डाफ्नीच्या उघड्या तोंडात आहे ते भय. रसाचे नाव ठरवतानाच पक्ष निवडला जातो, आणि तो निवडला असल्याची कबुलीही दिली जात नाही.

यावर स्वायत्ततावादी म्हणतील की, हा लौकिक नीतीचा प्रश्न आहे, कलेचा नव्हे. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’त (१९७४) सौंदर्यविचाराची द्विध्रुवात्मकता मांडल्यानंतर हे उत्तर इतक्या सहज देता येत नाही. शिवाय येथे भय बाहेरून आणलेले नाही, ते छिन्नीनेच घडवलेले आहे. बर्निनीचेच ‘प्लूटो आणि प्रोसर्पिना’ (१६२१–२२) पाहावे. प्लूटोची बोटे तिच्या मांडीत रुतली आहेत. संगमरवर लोण्यासारखा मऊ झाला, म्हणून त्या बोटांचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. तिच्या गालावर एक अश्रूही कोरलेला आहे, त्याच संगमरवरात.