चापाचे वजन, कायद्याचे वजन

पन्नास मीटर रायफल प्रकारात स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले. या प्रकारातील ‘.२२’ रायफलीच्या चापाला किमान वजनाची अट नाही. साहजिकच नेमबाज अधिक हलका, अचूक चाप बसवू पाहतो. मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्राचा सुटा भागही शस्त्रच ठरतो आणि विनापरवाना दुरुस्ती वा रूपांतर हा गुन्हा होय. २०१९ पासून त्याची किमान शिक्षा सात वर्षे आहे. गावठी कट्टे घडवणाऱ्यांना ती योग्यच; परंतु क्रीडासाधनाची निगा त्याच तराजूत तोलणे हा १८७८ च्या वसाहतकालीन संशयाचा वारसा आहे. चापबदलाची स्वतंत्र व्याख्या नियमांत करावी, ते काम मान्यताप्राप्त नेमबाजी केंद्रांतील कारागिरांकडे सोपवावे आणि त्याची नोंद परवान्यावर घ्यावी. नियंत्रण त्याने सैल होणार नाही, नेमके होईल.