फरशीखालची ऊब आणि मराठी वाक्य

राहती फरशी विजेवर तापवतात, असे आमच्या गावी कुणाला सांगितले तर तो आधी हसेल आणि मग विचारील, "कशाला?" त्याचे हसणे रास्तच आहे. आमच्या आटपाडी-खानापूरच्या बाजूला चैत्र-वैशाखात अंगणातला दगड असा तापतो की अनवाणी माणूस नाचत नाचत घरात येतो. थंडीचे म्हणाल, तर पौषात आई सारवलेल्या जमिनीवर गोणपाट टाकते, तेवढ्यावर आमचे भागते. पण जगात थंड मुलूख पुष्कळ आहेत. तिथल्या माणसांनी पायाखालच्या उबेचा विचार फार पूर्वीपासून केलेला आहे. रोमन लोक स्नानगृहाची जमीन खांबांवर उचलून तिच्याखालून भट्टीची ऊन हवा खेळवीत. कोरियात चुलीचा धूर दगडी जमिनीखालून फिरवून मग बाहेर सोडण्याची 'ओंडोल' नावाची रीत होती. काश्मिरात हमामची दगडी फरशी खाली लाकडे पेटवून तापवतात. विजेची केबल टाकून फरशी तापवणे हा या घराण्यातला अगदी अलीकडचा वंशज. उत्तर युरोपातील न्हाणीघरांत तो सर्रास आढळतो, आणि आता आपल्या हिमालयातील हॉटेलांतही पोहोचला आहे.

कलाशाखेच्या द्वितीय वर्षातील विद्यार्थिनीने वार्षिकांकात हा विषय का घ्यावा, असे प्राध्यापकवर्गाला वाटेल. कारण घरचे आहे. आमच्या भागातली माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. अशाच एका नातेवाइकाच्या ओळखीने माझा चुलतभाऊ उत्तरेकडे गेला. दादा आय.टी.आय. झालेला वायरमन. सध्या तो एका ठेकेदाराकडे मनालीच्या हॉटेलांत काम करतो. आय.टी.आय.मध्ये त्याने घरचे वायरिंग शिकले, मोटार बांधणे शिकले. फरशीखालची केबल मात्र त्याने तिथे जाऊनच पाहिली. खोक्यातून निघणारी माहिती-पुस्तिका इंग्रजीत. दादा तिच्या पानांचे फोटो मला मोबाइलवर पाठवतो आणि रात्री फोन करतो : "तू कॉलेजात जातेस ना, मग सांग बघू यात काय लिहिलंय." घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तेव्हा घरात आलेला इंग्रजी कागद, मग तो बँकेचा असो, दवाखान्याचा असो की थर्मोस्टॅटचा, वाचणे माझ्याकडेच येते. गेल्या हिवाळ्यात तीन-चार रात्री आम्ही दोघांनी मिळून ती पुस्तिका मराठीत आणली. हा लेख त्या खटपटीतून सुचलेला आहे.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. प्लॅस्टिकच्या जाळीवर बारीक केबल नागमोडी शिवलेली असते; तिला मॅट म्हणतात. आपण तिला चटई म्हणू. ही चटई कोब्यावर अंथरायची, तिच्यावर मसाल्याचा थर द्यायचा आणि वर टाइल बसवायची. चौरस मीटरला १५० वॅटची चटई घेतली आणि न्हाणीघराची मोकळी जमीन ४ चौरस मीटर असली, तर एकूण ६०० वॅट झाले. आपल्याकडच्या २३० व्होल्टला त्या चटईचा रोध सुमारे ८८ ओहम भरतो. हा आकडा वायरमनने जपायचा. चटई खोक्यातून काढल्यावर तो मोजायचा, अंथरल्यावर पुन्हा मोजायचा आणि टाइल बसल्यावर तिसऱ्यांदा मोजायचा. तिन्ही वेळा आकडा तोच आला म्हणजे गवंड्याच्या थापीने केबल कुठे तुटली नाही, अशी खात्री पटते. मेगर लावून केबलचे आवरण कुठे सोलवटले नाही ना, तेही पाहायचे. शिवाय ही ओली जागा. म्हणून या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. हवाच.

पुस्तिकेत ठळक अक्षरांत एक ताकीद आहे : केबल कापू नका. का कापू नये, हे काही लिहिलेले नाही. समजा, खोली लहान निघाली आणि कुणी चटई अर्ध्यावर कापून जोडली. रोध ८८ चा ४४ होईल. प्रवाह दुप्पट होईल, वॅट ६०० चे १२०० होतील आणि तेही अर्ध्या लांबीत. म्हणजे केबलचा प्रत्येक हात ठरल्यापेक्षा चौपट तापेल. हे मी दादाला फोनवर वहीत आकडे मांडून सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "हे कळलं असतं तर ताकीद लिहायची गरजच नव्हती." माझ्या मते माहिती-पुस्तिकेच्या लेखकांनी हे वाक्य भिंतीवर लावून ठेवावे.

यानंतर थर्मोस्टॅट. भिंतीवर स्विचच्या उंचीवर बसणारी ही डबी फरशीतून निघालेल्या सेन्सरच्या दोन तारांवर चालते. सेन्सर म्हणजे तारेच्या टोकाला असलेला मुगाएवढा दाणा. तापमान वाढले की त्याचा रोध उतरतो आणि त्यावरून डबीला फरशीची ऊब कळते. तो कुठे ठेवायचा, यात सगळी मेख आहे. केबलच्या दोन वळणांच्या बरोबर मध्ये तो हवा. केबलला चिकटला तर तो फरशीची नव्हे, केबलचीच ऊब सांगेल. डबी लवकर बंद होईल आणि पाहुणा गार फरशीवर उभा राहून मॅनेजरला हाका मारील. सेन्सर मसाल्यात नुसता पुरायचा नाही, टोक बंद केलेल्या बारीक पाइपात सरकवायचा. पुढेमागे तो बिघडला तर ओढून काढता येतो आणि नवा आत घालता येतो. पाइप टाकला नसेल तर टाइल फोडावी लागते. दादा ज्या कामावर होता तिथे त्याच्या आधीच्या माणसाने पाइप टाकलाच नव्हता. भुर्दंड मजुरीतून कापला गेला, आणि तोही ज्याने चूक केली त्याच्या नव्हे, जे त्या वेळी कामावर होते त्यांच्या. पुस्तिकेतले एक वाक्य न कळण्याची एवढी किंमत पडू शकते.

आता लावण्या-जुळवण्याचे. डबीला आधी सांगावे लागते की तिने कुणाचे ऐकायचे : खोलीतल्या हवेचे, फरशीचे, की दोघांचे. न्हाणीघरात फरशीचे ऐकावे. निजायच्या खोलीत हवेचे ऐकावे, पण फरशीला वरची मर्यादा घालावी. लाकडी फरशी असेल तर ही मर्यादा बहुधा २७ अंशांच्या आसपास ठेवायला सांगतात, नाहीतर लाकूड सुकून फटी पडतात. आणि नव्या टाइलखालचा मसाला पुरता वाळल्याशिवाय चटई चालूच करायची नाही, मालक कितीही घाई करो.

सर्वांत घोटाळा होतो तो तापमान ठरवण्याच्या खुंटीपाशी. हॉटेलात नोकर काय, पाहुणे काय, फरशी गार लागली की खुंटी २८ वरून थेट ३५ वर नेतात. फरशी लवकर तापावी अशी त्यांची समजूत. पण चटई ६०० वॅटचीच आहे. ३५ वर नेल्याने तिचे ७०० होत नाहीत. थर्मोस्टॅट चटई चालू करतो किंवा बंद करतो, तिसरे काही त्याला येत नाही. ठरल्या अंशाच्या जरा खाली गेले की चालू, जरा वर गेले की बंद. मग ३५ वर नेऊन काय होते? फरशी आधीच्याच गतीने तापते. फक्त थांबायचे तिथे थांबत नाही आणि वीजबिल वाढते.

ही समजूत खुळी नाही. चुलीत लाकूड सारले की जाळ वाढतो, गॅसचे बटण फिरवले की ज्योत मोठी होते, आपल्या वर्गातल्या पंख्याचे रेग्युलेटर (चालते तेव्हा) पाचावर नेले की वारा वाढतो. आपल्या हाताला सवय आहे ती 'किती' सांगणाऱ्या खुंट्यांची. थर्मोस्टॅटची खुंटी 'कुठवर' एवढेच सांगते. लवकर ऊब हवी असेल तर अंश न वाढवता वेळ अलीकडे आणावी : सातला स्नान असेल तर साडेपाचला चालू. काही नवे थर्मोस्टॅट फरशी तापायला किती वेळ लागतो हे आपणच शिकून घेतात आणि तेवढे आधी सुरू होतात. दादाने हे 'किती' आणि 'कुठवर' तिथल्या पोरांना हिंदीत सांगितले आणि त्यांना ते एका दमात कळले. दोन शब्दांचे काम पुस्तिकेने इंग्रजीत सबंध पान खर्चून केले होते.

माझे म्हणणे इथून पुढे आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषा म्हणून मान्यता दिली. आपल्याही महाविद्यालयात भाषणे झाली, रांगोळ्या निघाल्या. आनंद मलाही झाला. पण त्या समारंभात मला सारखे वाटत होते की ज्या भाषेला दोन हजार वर्षांचा वारसा आहे, तिच्यात एक सेन्सर कसा बसवायचा हे सांगणारे पानभर गद्य का नसावे? शब्द नाहीत म्हणून, असे कुणी म्हणेल. ते मला पटत नाही. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० ची. तेव्हापासून परिभाषा कोश निघत आले आहेत. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. शब्द पिढ्यान्‌पिढ्या साठत आहेत. अडले आहे ते वाक्यांशी. फेज, न्यूट्रल, अर्थिंग, थर्मोस्टॅट हे शब्द वायरमनच्या तोंडी कधीच रुळले. त्यांच्या जागी 'उष्मानियंत्रक' घातल्याने दादाचे एक पैचेही काम सोपे होणार नाही. त्याला हवे आहे ते 'का' आणि 'म्हणून' यांनी जोडलेले सरळ मराठी वाक्य.

दुसरा आक्षेप आमच्या वर्गातल्याच एका मित्राचा : "आता मोबाइलच भाषांतर करतो, तुझी गरज काय?" दादानेही आधी तेच करून पाहिले होते. इंग्रजीत फरशीला आणि मजल्याला एकच शब्द आहे. मोबाइलने फरशीच्या सेन्सरचा 'मजला संवेदक' केला, आणि दादा सेन्सर कितव्या मजल्यावर बसवायचा याचा विचार करीत बसला. केबलच्या न तापणाऱ्या टोकाची 'थंड शेपटी' झाली. ही यंत्रे दिवसेंदिवस सुधारत आहेत हे मान्य. पण न कापण्याचे कारण मूळ पुस्तिकेतच नसेल तर भाषांतर करणारे यंत्र ते कुठून आणणार?

तिसरा आक्षेप सभ्य शब्दांत आमच्याच एका सरांनी घेतला : हे काम शास्त्रशाखेचे किंवा आय.टी.आय.चे, कलाशाखेने साहित्य सांभाळावे. सरांचा मान राखून मी एक हकीगत पुढे ठेवते. विजेवर चालणारा खोलीचा थर्मोस्टॅट अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी शिक्षक घडवणाऱ्या एका विद्यालयात जन्मला. वॉरेन जॉन्सन हे तिथे प्राध्यापक होते. थंडीत शिपाई प्रत्येक वर्गात शिरून तापमान बघे आणि तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा फिरवी, तास मोडे. जॉन्सन यांनी असे उपकरण केले की वर्गातले तापमान बदलले की तळघरात घंटा वाजावी. १८८३ मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले. म्हणजे हे यंत्र चालत्या तासाच्या व्यत्ययातून निघाले आहे, आणि शिपायाचे हेलपाटे हा प्राध्यापकाच्या विचाराचा विषय होता. मग वायरमनची पुस्तिका आमच्या मराठी विभागाचा विषय का होऊ नये?

म्हणून माझी एक सूचना आहे. मराठी विभागाने दरवर्षी एक तरी कामाची पुस्तिका तयार करावी. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी लिहावी, गावातल्या एखाद्या जाणत्या कारागिराने तपासावी, आणि त्याला कळले नाही ते वाक्य, मग ते कितीही सुंदर असो, काढून टाकावे. आम्ही निबंधात पावसाळ्याचे वर्णन पुष्कळ केले. गुण कमी पडले तरी चालतील, पण या लेखनाला अंतर्गत परीक्षेत जागा मिळावी. पहिली पुस्तिका फरशीच्या थर्मोस्टॅटची असावी असा माझा हट्ट नाही. आमच्या भागाला शेतीपंपाच्या स्टार्टरची अधिक उपयोगी पडेल. पण थर्मोस्टॅटचा मजकूर माझ्या वहीत तयार आहे. छापला तर आठ पानांत बसेल. सात पाने मजकुराची. आठवे कोरे सोडायचे, त्यावर नुसत्या तीन रेघा : चटई उलगडताना किती ओहम, अंथरल्यावर किती, टाइल बसल्यावर किती. ते आकडे वायरमनने आपल्या हाताने लिहायचे आणि पुस्तिका घरमालकाकडे ठेवून जायची.