आवक, जावक आणि दादाजी

पर्युषण पर्व सरत आले, की जैन घरांत पूर्वी पोस्टकार्डांची जुळवाजुळव सुरू होई. संवत्सरीच्या क्षमापनेची पत्रे आप्तांना हाताने लिहून धाडण्याची ती रीत. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘नगर’च आहे, तशीच पत्राची ओढही त्यांच्या मनातून गेलेली नाही. पत्र मात्र आता संगणकावर येते, आणि तेथेच अडचण होते.

नगरच्या कापडबाजारात आयुष्य घालविलेल्या एका दादाजींच्या घरी ही अडचण फार दिवस कोणाच्या ध्यानातच आली नाही. त्यांच्या नावे जीमेलचे खाते होते. पण पासवर्ड नातवाकडे, आणि ओटीपी येई तोही नातवाच्याच मोबाइलवर. आलेली पत्रे नातू वाचून दाखवी. उत्तर द्यायचे झाल्यास म्हणे, ‘दादाजी, तुम्ही सांगा, मी टाइप करतो.’ दादाजी ‘राहू दे’ म्हणत. बंगळूरला राहणाऱ्या धाकट्या बंधूंशी दुकानाच्या वाटणीवरून त्यांचा अबोला होता. त्या पत्रात जे लिहायचे, ते नातवाला सांगून लिहविण्याजोगे नव्हते.

मदत करणारे बहुधा येथेच चुकतात. वडीलधाऱ्यांचे काम उरकून देणे म्हणजे मदत, असे ते समजतात.

नातवाला उमगले तेव्हा त्याने प्रथम खात्याला दादाजींचाच मोबाइल क्रमांक जोडला. पासवर्ड त्यांच्याच हस्ताक्षरात वहीत लिहून घेतला. वही कपाटात गेली. पासवर्ड लिहून ठेवू नये असे तज्ज्ञ सांगतात खरे, पण घरच्या कपाटातली वही दूरच्या चोराच्या हाती लागत नाही. ओटीपी मात्र फोनवर कोणालाही सांगायचा नाही, आणि फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० हा क्रमांक फिरवायचा, हेही त्याच पानावर उतरले.

मग ब्राउझर उघडताच थेट जीमेलचेच पान समोर यावे, अशी योजना सेटिंग्जमध्ये केली. कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह एकत्र दाबले, की अक्षरे मोठी होतात. ती चष्म्याला मानवतील इतकी केली. जीमेलच्या भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी इनपुट सुरू केल्यावर रोमन अक्षरांत लिहिलेले देवनागरीत उमटू लागले. आप्तांचे पत्ते संपर्कयादीत ‘पुण्याची ताई’, ‘बंगळूरचा भाऊ’ अशा घरच्या नावांनी नोंदविले. नावाची दोन अक्षरे लिहिताच पत्ता समोर येतो, शिवाय ओळखीचे पत्र स्पॅममध्ये जाऊन पडण्याची शक्यताही कमी होते.

शब्दांचा गोंधळ दादाजींनीच सोडविला. इनबॉक्स म्हणजे आवक, सेंट म्हणजे जावक आणि ड्राफ्ट म्हणजे कच्ची वही! जन्मभर पेढीवर बसलेल्या माणसाला याहून अधिक शिकवावे लागले नाही. पुष्कळांना एकच पत्र धाडायचे असेल, तर पत्ते ‘बीसीसी’त लिहावेत, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही, हेही त्यांनी समजून घेतले. क्षमापनेचे पत्र मात्र गठ्ठ्याने पाठवायचे नाही, असे त्यांनीच ठरविले.

दोन वर्षे वापराविना पडलेले खाते गूगल काढून टाकू शकते. दादाजींच्या खात्यावर आता ती वेळ येणार नाही.

हात कापतो, चुकून कळ दाबली जाते, म्हणून पाठविलेले पत्र मागे घेण्याची मुदत नातवाने पाच सेकंदांवरून तीस केली होती. संवत्सरीच्या सायंकाळी प्रतिक्रमणाहून परतल्यावर दादाजी एकटेच संगणकापुढे बसले. चार ओळींना पाऊण तास लागला. पत्र गेले, पडद्याच्या कोपऱ्यात ‘अनडू’ हा शब्द दिसू लागला. त्यांनी त्याकडे पाहिले, माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला, आणि तो शब्द मावळेपर्यंत ते तसेच बसून राहिले.